अल्बर्टा बघायला येताय? मग डोंगराच्या आधी माळ बघा

मुलाकडे नाहीतर मुलीकडे कॅनडात आलेले आईबाबा कॅलगरीला उतरतात, दोन-चार दिवस झोपेचं गणित बसवतात आणि पहिल्याच वीकेंडला सगळे गाडीत बसून बॅन्फला निघतात, तिथून लेक लुईस, जमलं तर मोरेन लेक, भरपूर फोटो आणि रात्री परत. ट्रिप छानच होते, त्यात वादच नाही. पण कॅलगरी ते बॅन्फ हा जो सव्वाशे-एकशेतीस किलोमीटरचा रस्ता आहे तो बहुतेकांचा डुलक्या काढण्यात जातो, कारण "इथे काय बघायचंय, नुसतं गवत", आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं. इथला डोंगर, इथला माळ, तळ्याचं ते निळं पाणी, जमिनीखालचं तेल, डायनासोरची हाडं आणि भर जानेवारीत अचानक येणारा गरम वारा, हे सगळं एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. ती गोष्ट एकदा कळली की मग कुठेही गाडी थांबवा, काहीतरी दिसतंच. तीच सोपी करून सांगायचा प्रयत्न करते.

आधी नकाशा डोक्यात बसवू. अल्बर्टा हा कॅनडाच्या पश्चिमेकडचा प्रांत, क्षेत्रफळ साधारण ६.६ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि माणसं किती तर पन्नास लाखाच्या आसपास, पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून जेवढी होतील तेवढीही नाहीत. पश्चिमेची हद्द बरीचशी रॉकीज डोंगरांच्या माथ्यावरूनच जाते, पलीकडे ब्रिटिश कोलंबिया. पूर्वेला आणि दक्षिणेला प्रेअरी, म्हणजे आपल्या भाषेत माळरान, आणि उत्तरेला मैलोनमैल सूचिपर्णी जंगल. कॅलगरी डोंगराच्या जवळ, राजधानी एडमंटन तिच्या उत्तरेला ३०० किलोमीटरवर. आता हा माळ सपाट दिसतो खरा पण तो पश्चिमेकडे चढत जातो, आपल्याला गाडीत कळत नाही इतकंच. कॅलगरी १,०४५ मीटरवर आहे आणि बॅन्फ गाव १,३८३ मीटरवर, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीला. पहिल्या दिवशी जिना चढताना थोडा दम लागतो, हवा कोरडी म्हणून ओठ फुटतात, त्यात काळजीचं काही नाही, पाणी पीत राहा.

आता खडक. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे डोंगर नव्हतेच, उथळ समुद्र होता, उत्तर अमेरिका खंडाचा तो पश्चिमेचा काठ. त्या समुद्राच्या तळाशी शिंपले, प्रवाळ, चुना, चिखल असं एकावर एक साचत राहिलं, काही किलोमीटर जाडीचे थर झाले आणि दाबाखाली त्यांचे चुनखडीचे आणि शेलचे, म्हणजे दाबल्या गेलेल्या चिखलाचे, खडक बनले. मग पश्चिमेकडून, पॅसिफिकच्या बाजूने, जमिनीचे मोठमोठे तुकडे येऊन खंडाला भिडले आणि ढकलायला लागले. हे ढकलणं काही एका दिवसाचं नाही, आज आपण बघतो ते पूर्वेकडचे रॉकीज साधारण ८ कोटी ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उभे राहिले. ढकलल्यावर थर वाकले, तुटले, आणि तुटलेला पश्चिमेचा तुकडा पूर्वेच्या तुकड्यावर सरकत चढला, त्याच्यावर पुढचा, त्याच्यावर आणखी एक. कौलारू छपरावर कौलं जशी एकमेकांवर अर्धी अर्धी चढलेली असतात तसं. म्हणून इथल्या बऱ्याच डोंगरांना पश्चिमेकडून तिरका उतार आणि पूर्वेकडून एकदम उभा कडा असतो. बॅन्फ गावाच्या डोक्यावर माउंट रंडल आहे ना, फोटोत सगळ्यांनी बघितलेला, लिहायच्या तिरक्या डेस्कसारखा दिसतो, तो याचा अगदी पुस्तकी नमुना.

या सरकासरकीची सगळ्यात भन्नाट जागा बॅन्फच्या आधीच लागते आणि तिथे कोणी थांबत नाही. हायवे नंबर १ वरून पश्चिमेला जाताना उजव्या हाताला यामनुस्का नावाचा एक सरळसोट राखाडी कडा दिसतो, डोंगररांग जिथे सुरू होते तिथेच. तो कडा ५० कोटी वर्षांपेक्षा जुन्या चुनखडीचा आहे, आणि त्याच्या पायाशी जो खडक आहे तो साधारण ८ कोटी वर्षांचा. म्हणजे जुना वर आणि नवा खाली! नेहमी जो थर आधी साचतो तो तळाला असतो, इथे उलट, कारण तो जुना तुकडा पश्चिमेकडून कित्येक किलोमीटर सरकत येऊन नव्यावर बसलाय. कड्याच्या पायाशी जी रेघ आहे तिलाच मॅकॉनेल थ्रस्ट म्हणतात. पाच मिनिटं गाडी बाजूला घेण्याजोग्या जागा आहेत, घ्या, आणि ती रेघ शोधा.

सह्याद्री बघून तयार झालेल्या डोळ्यांना हे जरा वेगळं वाटतं. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, थरावर थर, सगळे आडवे, म्हणून किल्ल्यांना ते टप्पे आणि कातळकडे. तिथे ढकलाढकली नाही. इथे मात्र तिरकेपणा शोधायचा. अपवाद म्हणजे बॅन्फ आणि लेक लुईसच्या मध्ये असलेला कॅसल माउंटन, त्याचे थर बऱ्यापैकी आडवे राहिलेत, कठीण चुनखडीचा कडा, मग मऊ शेलचा उतार, परत कडा, आणि ट्रेक करणाऱ्या कोणत्याही मराठी माणसाला तो बघितल्या बघितल्या एखादा बालेकिल्ला दिसतो.

याच तुटलेल्या थरांमुळे बॅन्फचे गरम पाण्याचे झरे आहेत. सल्फर माउंटनवर पडलेलं पाऊस-बर्फाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथे तापतं आणि खडक जिथे तुटून सरकलाय त्या फटीतून वर येतं. १८८३ मध्ये रेल्वेच्या कामगारांना हे झरे "सापडले" असं सांगतात, पण इथल्या मूळ लोकांना ते पिढ्यानपिढ्या माहीत होते. १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची जमीन राखीव केली आणि त्यातूनच पुढे बॅन्फ नॅशनल पार्क झालं, कॅनडातलं पहिलं. आज ते ६,६४१ चौरस किलोमीटर आहे. रेल्वे कंपनीला महागड्या रुळांवरून प्रवासी हवे होते म्हणून तिने १८८८ मध्ये इथे मोठं हॉटेल काढलं, म्हणजे बॅन्फ हे पहिल्यापासून पर्यटनासाठीच वाढवलेलं गाव आहे. आणि याची दुसरी बाजू पण माहीत असावी, की पिढ्यानपिढ्या इथे शिकार करणाऱ्या स्टोनी नाकोडा लोकांना त्याच पार्कमधून बाहेर काढलं गेलं. केव्ह अँड बेसिन या जागी गेलात तर ते पाणी बघा, वास गंधकाचा येतो, आणि ही गोष्टही वाचा.

आता त्या समुद्रातल्या खडकाचा दुसरा भाग. डोंगरात जे थर वर आलेत तेच थर माळाखाली काही किलोमीटर खोल तसेच झोपलेले आहेत. त्यात जुन्या समुद्रातले रीफ, म्हणजे प्रवाळांसारख्या जिवांनी रचलेले बांध, आहेत, छिद्राछिद्रांचे, आणि त्या छिद्रांमध्ये तेल आणि गॅस अडकलाय. १३ फेब्रुवारी १९४७ ला एडमंटनजवळ लेडुक इथे दीड किलोमीटर खोल त्या जुन्या समुद्राच्या अशाच एका थरातून तेल उसळलं आणि अल्बर्टाचं नशीब पालटलं. शेती आणि गुरांवर चालणारा प्रांत तेलाचा प्रांत झाला. कॅलगरी डाउनटाउनच्या त्या काचेच्या उंच इमारती, ज्यात आपले कितीतरी इंजिनीअर काम करतात, त्या याच तेलाच्या पैशावर उभ्या आहेत. म्हणजे बॅन्फच्या रस्त्यावर जो राखाडी कडा आपण कौतुकाने बघतो त्याचेच भाऊबंद शहराला पोसतायत.

डोंगर वर येत होते तेव्हा झिजतही होते. नद्या ती माती-वाळू पूर्वेकडे वाहून नेत होत्या आणि पूर्वेला त्या वेळी उत्तर अमेरिकेच्या मधोमध परत एक समुद्र शिरलेला होता. त्याच्या काठाला दलदल, खाड्या, दाट झाडी, आणि तिथे डायनासोर. मेले की चिखलात गाडले गेले. दलदलीच्या झाडांचा कोळसा झाला. नंतर सगळं गाडलं गेलं, वर माळ तयार झाला, आणि मग अगदी अलीकडे, शेवटचं हिमयुग संपताना, वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचे प्रचंड लोंढे या मऊ खडकातून गेले आणि खोल दऱ्या कापून गेले. त्यालाच बॅडलँड्स म्हणतात.

कॅलगरीच्या ईशान्येला साधारण १३५ किलोमीटरवर ड्रमहेलर आहे, आणि मी प्रत्येकाला सांगते की एक दिवस बॅन्फला कमी द्या पण इथे जा. दीड तास नुसता सपाट माळ, गहू, कनोला (मोहरीसारखं तेलबियांचं पीक), जुलैत कनोला फुलला की पिवळंधमक क्षितिजापर्यंत, आणि मग एका वळणावर रस्ता एकदम खाली उतरतो आणि दोन्ही बाजूला करडे-तपकिरी-काळे पट्टे असलेल्या उघड्या टेकड्या. काळा पट्टा कोळशाचा, करडा चिखलाचा, फिकट वाळूचा. १८८४ मध्ये जोसेफ टिरेल नावाचा तरुण भूगर्भतज्ज्ञ इथे कोळसा शोधत फिरत होता तेव्हा त्याला एका मांसाहारी डायनासोरची कवटी मिळाली, पुढे १९०५ मध्ये त्याला अल्बर्टोसॉरस नाव मिळालं. त्या टिरेलच्या नावाचं म्युझियम १९८५ पासून ड्रमहेलरला आहे, आणि तिथे काचेपलीकडे लोक दगडातून हाडं मोकळी करत बसलेले दिसतात, छोट्या ब्रशने आणि सुयांनी, मुलं तिथून हलत नाहीत. जवळच हूडू आहेत, वाळूच्या खडकाचे खांब आणि डोक्यावर कठीण दगडाची टोपी. टोपी आहे तोवर खालचा खांब पावसापासून वाचतो, टोपी पडली की खांब काही काळात संपतो. म्हणून त्यांच्यावर चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. आणि पाऊस पडला असेल तर टेकड्यांवर जायचंच नाही, त्या मातीत ज्वालामुखीच्या राखेची बेंटोनाइट चिकणमाती आहे, ओली झाली की पाय ठरत नाही.

डायनासोर संपले त्या काळाची रेघसुद्धा या रेड डीअर नदीच्या खोऱ्यातल्या खडकात सापडते. त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ती टेकडी बघत कितीतरी वेळ उभी होते. याच नदीवर पुढे डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क आहे, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत, तिथे तर ५० च्या वर जातींचे डायनासोर मिळालेत. उन्हाळ्यात तिथल्या गाइडेड फेऱ्या आधी बुक कराव्या लागतात.

आता बर्फाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच, पाणी असं निळं कसं. कोणी म्हणतं आकाशाचं प्रतिबिंब, कोणी म्हणतं तळाचा रंग, काहींना तर फोटो एडिट केलेला वाटतो. खरं कारण दगडाचं पीठ. ग्लेशियर म्हणजे नुसता थिजलेला बर्फ नाही, तो स्वतःच्या वजनाने हळूहळू उतारावरून सरकत असतो आणि सरकताना खालचा दगड घासतो, भरडतो. त्यातून इतका बारीक भुगा तयार होतो की तो वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात येतो आणि खाली न बसता पाण्यातच तरंगत राहतो. सूर्याचा प्रकाश तळ्यात शिरला की लाल-नारिंगी रंग पाणीच शोषून घेतं आणि हे बारीक कण निळा-हिरवा प्रकाश सगळीकडे उडवतात, तो आपल्या डोळ्यांपर्यंत परत येतो. कण किती आहेत त्यावर रंग ठरतो. म्हणून एकाच रस्त्यावरची दोन तळी वेगळ्या रंगाची, आणि ग्लेशियर नसलेलं तळं साधंच दिसतं.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. रंग यायला ग्लेशियर वितळायला हवं, म्हणजे उन्हाळा हवा. लेक लुईस जूनच्या सुरुवातीपर्यंत बऱ्याचदा गोठलेलंच असतं, आणि दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आलेले लोक पांढरं मैदान बघून हिरमुसून परत जातात. रंग जुलै-ऑगस्टमध्ये भरात असतो. आणि उंचावरून, ऊन वर आलेलं असताना तो जास्त खुलतो, म्हणून पेटो लेकच्या वरच्या व्ह्यूपॉइंटवरून जो निळा दिसतो तो काठावर उभं राहून दिसत नाही. मोरेन लेकला २०२३ पासून स्वतःची गाडी नेता येत नाही, शटल नाहीतर टूरची बस, आणि शटलची तिकिटं लवकर संपतात. पुष्कळ लोक याबद्दल कुरकुर करतात, मला तर हे फार चांगलं वाटतं, त्या अरुंद रस्त्यावर पहाटे चारपासून गाड्यांची रांग लागायची ती बंद झाली.

बर्फाने माळावरही खुणा ठेवल्यात. कॅलगरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स गावाजवळ सपाट शेतात एक राक्षसी दगड बसलेला आहे, वजन अंदाजे १६,५०० टन, आजूबाजूला कुठेही तसा दगड नाही. तो आलाय जॅस्परकडच्या डोंगरातून, शेकडो किलोमीटर, बर्फाच्या पाठीवर बसून. दरड कोसळून ग्लेशियरवर पडला, ग्लेशियर त्याला माळावर घेऊन आलं, बर्फ वितळला आणि दगड तिथेच राहिला. ब्लॅकफूट या इथल्या मूळ लोकांची या दगडाबद्दल स्वतःची गोष्ट आहे, त्यात नापी नावाचा खोडकर म्हातारा दगडाला दिलेली वस्तू परत घेतो आणि दगड चिडून त्याच्या मागे लागतो. दोन्ही गोष्टींत दगड लांबून आलाय हे मात्र नक्की, आणि हे मला फार आवडतं.

लेक लुईसच्या पुढे उत्तरेला जॅस्परपर्यंत साधारण २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे आहे. वेळ असेल तर हा एक दिवस सोडू नका. मध्यावर कोलंबिया आइसफील्ड लागतं, तिथल्या स्नो डोम नावाच्या शिखरावर पडलेला बर्फ वितळला की तीन वाटांनी जातो, एक पॅसिफिकला, एक आर्क्टिकला आणि एक हडसन बेला. एका माथ्याचं पाणी तीन समुद्रांना मिळणारी जागा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. यातलंच नॉर्थ सॅस्कॅचवान नदीचं पाणी एडमंटनला प्यायला जातं. खाली आलेलं अथाबास्का ग्लेशियर रस्त्यावरूनच दिसतं आणि तिथपर्यंत जाणाऱ्या पायवाटेवर वर्षांच्या पाट्या आहेत, अमुक साली बर्फ इथपर्यंत होता, मग पुढची पाटी, मग त्याच्या पुढची. सव्वाशे वर्षांत ते दीड किलोमीटरपेक्षा जास्त मागे गेलंय. त्या पाट्यांमधून चालताना कोणी काही समजावून सांगायची गरज पडत नाही. दोरी लावलेली असते तिच्या पलीकडे मात्र जाऊ नका, बर्फाखाली झाकलेल्या भेगा असतात आणि त्यात पडून माणसं गेलेली आहेत. जॅस्पर गावात जुलै २०२४ च्या वणव्यात जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या, गाव परत उभं राहतंय, पर्यटक हवे आहेत, तेव्हा शक्य असेल तर तिथे एखादी रात्र राहा.

आता वारा, आणि हे समजायला मराठी माणसाला सगळ्यात सोपं आहे कारण शाळेत आपण पर्जन्यछाया शिकलोय. अरबी समुद्राचं वारं सह्याद्री चढताना गार होतं, महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस टाकतं आणि पूर्वेला माण-खटावपर्यंत पोचताना कोरडं झालेलं असतं, तिथे पाचशे मिलिमीटरची मारामार. इथे तेच, समुद्र पॅसिफिक, डोंगर रॉकीज, पाऊस-बर्फ सगळा ब्रिटिश कोलंबियात आणि छायेत अल्बर्टाचा माळ. कॅलगरीला वर्षाला साधारण ४२० मिलिमीटर. म्हणून इथे जंगल नाही, गवत आहे, आणि म्हणूनच कडाक्याच्या थंडीतही ऊन भरपूर.

पण इथे पुढची एक पायरी आहे. ओली हवा डोंगर चढताना किलोमीटरला पाच-सहा अंशांनीच गार होते, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि हवेला थोडी ऊब मिळत राहते. पाणी पलीकडे टाकून कोरडी झालेली हवा या बाजूला उतरते तेव्हा मात्र किलोमीटरला दहा अंशांनी तापते. चढताना कमी गमावलं, उतरताना जास्त कमावलं, त्यामुळे खाली पोचेपर्यंत ती निघाली त्यापेक्षा गरम झालेली असते. हाच शिनूक वारा. उणे वीसमध्ये गारठलेलं शहर एका दिवसात शून्याच्या वर जातं, रस्त्यावरचा बर्फ बघता बघता उडून जातो, लोक जॅकेट काढून फिरतात आणि काही जणांचं डोकं मात्र भयंकर दुखतं. शिनूक येतोय हे आकाशात आधी दिसतं, पश्चिमेला ढगांची एक लांब कमान आणि तिच्याखाली डोंगरावर मोकळ्या निळ्या आकाशाची पट्टी. कॅलगरीची २०१८ मध्ये उघडलेली सेंट्रल लायब्ररी बघाल तर तिच्या दारावरची लाकडी कमान याच ढगावरून केलीये. आत फुकट जाता येतं, जाच, आणि बिल्डिंगच्या पोटातून ट्राम जाते ती वरून बघा.

वारा उलटा फिरला तर काय होतं तेही या शहराने बघितलंय. जून २०१३ मध्ये ओली हवा पूर्वेकडून येऊन डोंगराला थडकली, वरती बर्फ होताच त्यावर पाऊस कोसळला, आणि बो नदी आणि एल्बो नदी दोन्ही फुगल्या. दक्षिण अल्बर्टात लाखाच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. आणि उन्हाळ्यात गारा. डोंगराजवळ दुपारी ढग वाढतात आणि संध्याकाळी माळावर येऊन फुटतात, १३ जून २०२० ला ईशान्य कॅलगरीत, जिथे आपल्या भारतीय लोकांची वस्ती खूप आहे, शंभर कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. म्हणून जुलैतही सकाळी कितीही छान ऊन असू दे, गाडीत एक जाड कपडा आणि रेनकोट टाकाच.

शहरांबद्दल खरं सांगायचं तर कॅलगरीत "पॉइंट" कमी आहेत आणि फिरायला मजा जास्त आहे. १९१ मीटरचा कॅलगरी टॉवर आहे, काचेच्या जमिनीवर उभं राहता येतं, एकदा ठीक. त्यापेक्षा बो नदीच्या काठाने चाला, २०१२ चा लाल पीस ब्रिज, प्रिन्सेस आयलंड, मग बो आणि एल्बोचा संगम, १८७५ मध्ये जिथे पोलिसांचा किल्ला बांधला आणि शहर सुरू झालं ती जागा. हिवाळ्यात आलात तर डाउनटाउनच्या इमारती एकमेकींना जोडणारे बंद काचेचे पूल आहेत, प्लस फिफ्टीन म्हणतात, रस्त्यापासून १५ फूट वर, मैलोनमैल थंडीत न जाता चालता येतं. जुलैत दहा दिवस स्टँपीड नावाचा काउबॉय खेळांचा उत्सव असतो, १९१२ मध्ये पहिल्यांदा झाला, सगळं शहर काउबॉय टोप्या घालून हिंडतं, सकाळी जागोजागी फुकट पॅनकेक वाटतात. तो पॅनकेकचा नाश्ता मला फार आवडतो, अनोळखी माणसं शेजारी बसून बोलतात. रोडिओमध्ये, म्हणजे त्या काउबॉय खेळांमध्ये, जनावरांचे हाल होतात ही तक्रारही खरी आहे आणि मी तो भाग बघत नाही. पण एकच जागा निवडायची तर शहराच्या उत्तरेचं नोज हिल पार्क, घरांच्या मधोमध राखलेलं जवळजवळ ११ चौरस किलोमीटर खरं माळरान. संध्याकाळी वर चढलात की पायाखाली गवत, समोर तेलाच्या पैशातले टॉवर आणि पलीकडे रॉकीजची अख्खी रांग एका नजरेत येते.

एडमंटनला लोक १९८१ चं वेस्ट एडमंटन मॉल बघायला जातात, आत पाण्याच्या लाटा, बर्फाचं मैदान, रोलर कोस्टर सगळं आहे आणि लहान मुलं असतील तर दिवस मस्त जातो. मला मात्र तिथली नदीची दरी जास्त महत्त्वाची वाटते. शहराच्या मधून नॉर्थ सॅस्कॅचवान खोल वाहते आणि दोन्ही काठांची झाडी शहराने बांधकामापासून वाचवून ठेवलीये, ७,००० हेक्टरच्या वर सलग हिरवं, सायकलने फिरा. मटार्ट कॉन्झर्व्हेटरीचे चार काचेचे पिरॅमिड तिथेच, त्यातल्या एकात उणे तीस बाहेर असताना केळीची झाडं बघून आईला रडू यायचंच बाकी होतं. जूनमध्ये इथे जवळजवळ सतरा तास उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेसात. आणि शहराच्या पूर्वेला पाऊण तासावर एल्क आयलंड पार्क, तिथे बायसन (गव्यासारखं मोठं रानजनावर) मोकळे फिरतात. माळावर एके काळी त्यांचे लाखोंचे कळप होते, एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकारीने ते जवळपास संपवले, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या ब्लॅकफूट आणि इतर लोकांची उपासमार झाली. ती लोकं कशी शिकार करायची ते फोर्ट मॅक्लाउडजवळच्या हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप इथे कळतं, कड्याकडे कळप हाकायची ती जागा जवळजवळ सहा हजार वर्षं वापरात होती. एल्क आयलंडमध्ये वाचवलेल्या बायसनपैकी १६ जनावरं २०१७ मध्ये बॅन्फच्या दुर्गम दरीत परत सोडली. बॅन्फच्या हायवेवर झाडं लावलेले पूल दिसतात ना, ज्यावर माणसं नाहीत, ते जनावरांनी रस्ता ओलांडायचे आहेत, सहा वरून आणि ३८ खालून, दोन्ही बाजूला कुंपण. त्यामुळे तिथले अपघात ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. आपल्याकडच्या जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर हे व्हायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

तर क्रम कसा लावायचा. पाच-सहा दिवस असतील तर पहिला दिवस कॅलगरी आणि नोज हिल, दुसरा ड्रमहेलर, म्हणजे पूर्वेकडून सुरुवात, मग पश्चिमेला यामनुस्का, बॅन्फ, लेक लुईस, आणि पुढे पार्कवेने जॅस्पर. तिथून एडमंटनमार्गे खाली आलात तर पूर्ण वर्तुळ होतं आणि तोच रस्ता दोनदा करावा लागत नाही. पार्कचा पास लागतो, पेट्रोल मिळेल तिथे भरून घ्या, पार्कवेवर फोनला रेंज नसते त्यामुळे नकाशा आधी डाउनलोड करा. अस्वल दिसलं तर गाडीतून उतरायचं नाही. जुलै-ऑगस्टला गर्दी असते पण रंग त्यातच. गर्दी नको असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा बघा, मोरेन लेकच्या वर लार्चची झाडं त्या वेळी सोनेरी होतात, सूचिपर्णी असूनही पानं गाळणारं हे झाड, आणि रंग जेमतेम दोन आठवडे टिकतो. मोरेनची शटल ऑक्टोबरच्या मध्याला बंद होते, त्यानंतर रस्ताही बंद, तेव्हा तिकीट काढताना तेवढं बघून घ्या.